साडू, ट्रॅक्टर रशियनच निघाला

भास्कर,

ट्रॅक्टरच्या नावाची पाटी मी ग्राइंडरने घासून कोरी केली.

गंजाखाली अक्षरं असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात माझी आख्खी नोकरी ग्राइंडिंग खात्यात गेली; समोर येईल ते गुळगुळीत करायचं, एवढंच तिथे शिकलो. सासऱ्यांच्या खोपटातून आपण तो ट्रॅक्टर पहिल्यांदा उजेडात ओढून काढला, तू दमून फणसाखाली तंबाखू मळत बसलास, आणि तेवढ्यात मी इंजिनाशेजारची ती तळहाताएवढी पाटी आरशासारखी लखलखीत करून टाकली. वर तुला हाक मारून दाखवली. तू आलास, पाटीत तोंड पाहिलंस, मिशीवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "छान. आता हिच्यावर काय लिहिलं होतं ते सांग."

त्या क्षणापासून तू मला सोडलं नाहीस. म्हणून आज मीही तुला सोडणार नाही. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लोक मागचं सगळं विसरून लिहितात. मी काही विसरलेलो नाही. मी श्रद्धांजली वाहायला बसलेलो नाही, उट्टं काढायला बसलोय.

आठव. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, नवऱ्याकडची मंडळी नुकती टेकलेली, आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून देतोस: "हे आमचे धाकटे साडू. यांच्या हातात आधार कार्ड देऊ नका, कोरं करून परत देतात." शहाडला माझ्या व्याह्यांकडे पहिल्याच चहाला, "तुमच्या घराची पाटी छान आहे हो. साडू, तुम्ही जरा लांब बसा." आणि विहारात! भन्ते समजावून सांगत होते की या जगात काहीच टिकत नाही, सगळं अनित्य आहे, हॉल चिडीचूप, आणि तू माझ्या कानाशी, "पाटीसुद्धा." मी हसलो. भन्तेंनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे नाही. तू डोळे मिटून बसला होतास, जणू निर्वाण दोन बोटांवर आलंय.

चारचौघांत मी तुला "साडूभाऊ, तुम्ही" म्हणायचो, कारण तू थोरल्या बहिणीचा नवरा. खोपटात आपण दोघंच असलो की "तू", आणि त्याच्या पुढचं सगळं. इथे आपण खोपटातच आहोत असं समज.

ट्रॅक्टरची गोष्ट तुला माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण तू सांगताना माझा भाग नेहमी गाळायचास. पाटीचा तेवढा ठेवायचास.

जांभूळच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवर सासऱ्यांचं घर आणि भाताची खाचरं. धरणाकडच्या कुठल्याशा कामावर सासरे मजुरीला होते. काम संपल्यावर ठेकेदार आपलं सामान घेऊन गेला आणि हा ट्रॅक्टर नेण्याच्या लायकीचा नाही म्हणून सासऱ्यांना देऊन गेला. सासऱ्यांनी त्याच्याकडून बरीच वर्षं चिखलणी करून घेतली. मग तो बंद पडला, खोपटात गेला, आणि त्याच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. सासरे गेल्यावर मेहुणा राजू एकदा म्हणाला, "दाजी, भंगारवाल्याला बोलवलाय. जागा तरी मोकळी होईल."

तू म्हणालास, "थांब. जयंतीच्या मिरवणुकीला दर वर्षी दुसऱ्याचा ट्रॅक्टर मागत फिरतो आपण. घरात ट्रॅक्टर असताना?"

राजू म्हणाला, "मोठे दाजी, तो ट्रॅक्टर नाही, खुराडं आहे."

"कोंबड्यांना नोटीस दे," तू म्हणालास.

असं ते सुरू झालं. पण ट्रॅक्टर कुठला आहे ते कळल्याशिवाय त्याचे पार्ट मिळत नाहीत, आणि पार्ट मिळाल्याशिवाय तो चालत नाही. ठेकेदाराने जे हाताला लागेल ते त्याला लावलेलं. चाकं एकाची, डिझेलची टाकी दुसऱ्याची, सीट तर कुठल्यातरी बसच्या ड्रायव्हरची. कागद कुठलेच नाहीत. राजूला आठवत होतं ते इतकंच की बाबा त्याला "फॉरेनर" म्हणायचे. बाहेरचे ट्रॅक्टर तेव्हा बहुतेक रशियन नाहीतर झेक यायचे. त्यातला हा कुठला ते जिच्यावर लिहिलं होतं, ती पाटी... असो. ते झालं सांगून.

तू पेंटर. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड तुझ्या हातचे होते. फ्लेक्स आले आणि तुझ्याकडे नंबरप्लेटी उरल्या. तू ट्रॅक्टर वाचायला घेतलास तो रंगावरून. ब्लेडने बॉनेटचा कोपरा खरवडलास. वरचा हिरवा सासऱ्यांनी मारलेला. त्याच्याखाली पिवळा, ठेकेदाराचा. त्याच्याखाली लाल, आणि लालखाली नुसतं लोखंड. तू ब्लेड पुसलंस आणि निकाल दिलास, "अंगचा रंग लाल. म्हणजे झेक."

मी म्हटलं, "रशियनही लाल असतो. त्यांचा तर झेंडाच लाल होता."

"म्हणूनच. ज्याचा झेंडा लाल तो ट्रॅक्टर कशाला लाल करेल? झेंड्याचा मान काय राहिला मग?"

मी लोखंडाचा माणूस. गिअरबॉक्सवर थाप मारून तुला सांगितलं, एवढं जाड ओतकाम रशियाशिवाय कोणी करत नाही, ह्याला तोफेचा गोळा लागला तरी पोचा येणार नाही. खाली ग्रीसमध्ये एक अक्षर सापडलं, आपला इंग्रजी आर उलटा काढावा तसं. मी नाचलो. "रशियन लिपी! हे बघ!" तू चष्मा वर करून पाहिलंस. "आर उलटा पडलाय. साचा करणारा बायकोशी भांडून आला असेल. माझंही होतं असं."

किती रविवार गेले असे. मी रिटायर झाल्यावर आमच्या घरात माझं एकच काम उरलं होतं, मंगलच्या पायात येणं. तू उल्हासनगरहून स्कूटरवर यायचास, बिल्डिंगखाली हॉर्न द्यायचास, आणि मंगल माझ्याआधी बाल्कनीत जाऊन म्हणायची, "घेऊन जा भाऊजी, लवकर घेऊन जा." बदलापूर ओलांडेपर्यंत मागे बसून मी रशियाची बाजू मांडायचो. वारा सुटलेला, तुझ्या डोक्यावर हेल्मेट, तुला ऐकू काहीच जात नसे. तरी प्रत्येक सिग्नलला मान वळवून तू म्हणायचास, "चूक."

आभार मानायचे तर एका गोष्टीचे मानतो, एकदाच, मग पुन्हा कामाला लागू. जयंती मंडळाची पोरं आली होती. म्हणाली, काका, मिरवणुकीचा ट्रॅक्टर आहे, निळाच मारा. मी लगेच हो म्हणालो. मला कुणीही "काका" म्हटलं की मी हो म्हणतो. तू डबा खाली ठेवलास. "निळे झेंडे लावा पाहिजे तेवढे. मीच शिवून आणतो. पण ट्रॅक्टरला त्याचा रंग राहू दे. खोटा रंग चढवून आपण कुणाला अभिवादन करायचं नाही." मी मनातल्या मनात म्हटलं, हा माणूस झेकच्या बाबतीत चुकत असेल, पण माणूस बरोबर आहे. मोठ्याने म्हणालो नाही. म्हटलं असतं तर तू ते पुढच्या लग्नात वापरलं असतंस.

आभार संपले.

आता तुझा गुन्हा.

इंजिन खोललं, साफ केलं, पुन्हा बसवलं. सगळं हलत होतं, पण पेट घेत नव्हतं. नोझल गेलेलं. नोझल म्हणजे डिझेलची पिचकारी. ती बरोबर उडाली नाही तर इंजिन नुसतं खोकतं. काढलेलं जुनं नोझल नमुन्याला घेऊन तू उल्हासनगरात गेलास आणि पुढच्या रविवारी फडक्यात गुंडाळून नवं नोझल घेऊन आलास. फडकं सोडण्याआधी तू पैज मांडलीस. राजू, राजूची बायको, मंगल, तुझ्या घरच्या शोभाताई, सगळ्यांच्या देखत.

"हे झेकचं नोझल आहे," तू म्हणालास. "बसलं आणि गाडी पेटली, तर ट्रॅक्टर झेक. मंजूर?"

मी म्हटलं, "मंजूर." मला खात्री होती ते बसणार नाही.

बसलं. हाताने फिरवलं तरी आत गेलं, जणू माहेरी आलंय. राजूने हँडल मारलं. ट्रॅक्टरने आधी एक ढेकर दिली, मग काळा धूर, मग दुसरी ढेकर, आणि मग तो धडधडायला लागला. कोंबड्या पळाल्या. शेजारच्या पाड्यावरची माणसं बघायला आली. आणि तू, वयाचा काही विचार न करता, मडगार्डवर चढलास, दोन्ही हात वर केलेस आणि ओरडलास, "झेक! झेक! झेक!" ज्यांना झेक काय ते ठाऊक नव्हतं ती माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. शोभाताई डोळे पुसत होत्या. बाबांचा ट्रॅक्टर चालू झाला आणि तो आपल्या नवऱ्याने ओळखला, म्हणून.

मी एकटा स्पॅनर हातात घेऊन उभा. इंजिन मी जोडलं होतं. टायमिंग मी लावलं होतं. माझ्याकडे कोणी बघेना. तू तेवढा वरून बघत होतास, आणि हसत होतास. ते हसू मी ओळखायला हवं होतं. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, चोरीचा होता.

निघताना मी तुला म्हणालो, "एक नोझल बसलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. पक्का पुरावा आण. नाहीतर पुढच्या रविवारी येऊ नकोस."

आणि तू आला नाहीस.

भास्कर, उभ्या जन्मात तू माझं एक ऐकलं नाहीस. डायबेटिसमध्ये जिलबी खाऊ नकोस म्हटलं, खाल्लीस. स्कूटर विक म्हटलं, तिला नवं सीट कव्हर घातलंस. आणि ऐकलंस ते हेच? बुधवारी सकाळी ताईंनी चहा आणून ठेवला, तू पेपर वाचत होतास, आणि चहावर साय धरली तरी तू कप उचलला नाहीस. इतका आज्ञाधारकपणा तुझ्यात कुठून आला? येऊ नकोस म्हणजे उशिरा ये. येऊ नकोस म्हणजे येताना भजी आण. इतकी वर्षं साडू असून तुला माझी भाषा कळली नाही.

जलदान विधीला मला बोलायला उभं केलं. मीही तयारी केली होती: मनमिळाऊ स्वभाव, धम्मकार्यात सहभाग, वगैरे. उभा राहिलो, समोर तुझा फोटो, फोटोत तेच हसू, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं, "ट्रॅक्टरचा निकाल अजून लागलेला नाही." मंगलने मागून माझा शर्ट ओढला. पुढे काय बोललो आठवत नाही. राजू सांगतो की मी ओतकामाच्या जाडीवर बोललो. लोकांना वाटलं दुःखाने डोकं फिरलंय. चार जण येऊन पाठीवर हात फिरवून गेले. तेही तूच घडवून आणलंस.

आणि त्यानंतर ताईंकडे भेटायला येईल त्याला त्या एकच गोष्ट सांगायच्या. आजार नाही, शेवटची सकाळ नाही. "बाबांचा ट्रॅक्टर कुणाला ओळखता येत नव्हता. शेवटी ह्यांनीच ओळखला." मी कोपऱ्यात बसून पाणी द्यायचो सगळ्यांना, आणि दाताखाली माझं वाक्य चावायचो.

एक दिवस राहवलं नाही. जुनं नोझल खिशात घातलं आणि उल्हासनगर गाठलं. फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीतलं ते जुन्या पार्टचं दुकान, जिथे मालकाला सगळे साईं म्हणतात आणि तोही सगळ्यांना साईं म्हणतो. मी नोझल काउंटरवर ठेवलं.

"ये किस ट्रॅक्टर का है?"

त्याने ते हातात घेतलं, फिरवलं, नखाने आटे पाहिले. "रशियन."

"पक्का?"

"साईं, मेरे बाप ने यही बेचा, मैंने यही बेचा. रशियन है." मग त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक मिनिट. तुम छोटे साडू हो क्या? पाटीवाले?"

उल्हासनगरात! अनोळखी माणसाच्या दुकानात! पार्ट घ्यायला गेलास तिथेही तू मला घेऊन गेला होतास.

साईंनी स्टूल दिलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं. तू नमुना घेऊन गेलास तेव्हाच त्याने तुला सांगितलं होतं, हे रशियन आहे. "तो भास्कर पेंटर ऐसा चूप हो गया, जैसे घर में किसी का मय्यत हो गया. मैंने पूछा क्या हुआ. बोला, साईं, मैं हार गया." मग म्हणे तू बराच वेळ बसून राहिलास. मग हसायला लागलास. इतका हसलास की साईंच्या नोकराने पाणी आणलं. जाताना म्हणालास, "माझ्या साडूला बोलायचं नाही हां. जयंती के दिन सबके सामने मैं ही बताऊँगा. तब तक मुझे जीतने दो."

म्हणजे मडगार्डवर चढून तू "झेक, झेक" ओरडत होतास तेव्हा तुझ्या मुठीत रशियन नोझलचं फडकं होतं.

मी चहा तसाच ठेवला. मी जिंकलो होतो, भास्कर! दुकानाबाहेर आलो, मोबाईल काढला आणि तुझा नंबर लावला. शिव्या तयार होत्या, एकाहून एक. रिंग गेली. "बोला दिलीपराव," ताई म्हणाल्या.

मी म्हटलं, "चुकून लागला."

गल्लीत एक टेम्पो सोफे उतरवत होता. त्यातल्या एका सोफ्यावर मी बसलो, प्लास्टिकसकट. हमाल म्हणाला, "अंकल, घेणार आहे का?" उठलो.

खरं सांग, तू जयंतीला सांगणार होतास का? साईंना वाटतं, हो. मला नाही वाटत. तू मिरवणुकीच्या ऐन मध्यावर माईक घेतला असतास, "बंधू-भगिनींनो, एक कबुली द्यायची आहे" म्हणाला असतास, मी हार घ्यायला मान पुढे केली असती, आणि तू जाहीर केलं असतंस की ट्रॅक्टर पोलिश आहे. मी तुला ओळखतो. पण कधी वाटतं, कदाचित सांगितलंही असतंस. कदाचित एवढ्यासाठीच थांबला होतास, की मला जिंकवायचं तर चारचौघांत. जिथे जिथे माझी लाज काढलीस तिथेच मला मान द्यायचा. हे मला कधीच कळणार नाही. आणि ते न कळण्याची सोय तू बुधवारी सकाळी स्वतः करून ठेवलीस, यासाठी मी तुला माफ करणार नाही. माझ्याशी भांडण अर्धं टाकून जायची तुझी हिंमत झालीच कशी?

तेव्हा मी ठरवलं. तू नाही सांगितलंस ना? मी सांगेन. तुझ्याच पद्धतीने, चारचौघांत, जयंतीच्या मिरवणुकीत. ट्रॅक्टर लाल ठेवला. तो त्याचा रंग आहे म्हणून, तुझ्यासाठी नाही, गैरसमज नको. पण त्या लालवर, बॉनेटच्या दोन्ही अंगांना, लांबून दिसेल असं पांढऱ्या एनॅमलने लिहायचं: रशियन. सगळी सोयरीक, सगळा पाडा, ज्या ज्या माणसाने तुझ्या विनोदांवर दात काढले तो प्रत्येक जण, वाचेल. पेंटरला पेंटने मारायचं.

मंगलला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे ताईच्या देखत तिच्या नवऱ्याला खोटा पाडणार."

"तो होताच खोटा."

"होते. पण ती आल्यागेल्याला काय सांगते ते ऐकलंत ना? तेवढंच आहे तिच्याजवळ आता. ते काढून घेणार तुम्ही. आणि कशासाठी, तर तुमची पाटी कोरी झाली म्हणून."

"माझी नाही, ट्रॅक्टरची."

"तेच ते," ती म्हणाली, आणि सुरी उचलली.

रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो. नाही केला. मला छान झोप लागली. सूड घ्यायचा ठरला की मला छान झोप लागते.

जयंतीच्या आदल्या दुपारी मी खोपटात गेलो. रंगाचा डबा, टर्पेंटाइन आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नवा ब्रश. तुझे ब्रश मागायला ताईंकडे जायची हिंमत झाली नाही. बाहेर राजू झेंड्यांचे दोरे बांधत होता. मी बॉनेटसमोर उभा राहिलो आणि सुरुवात केली.

तुला माहीत आहे, मी आयुष्यभर पुसायचंच काम केलं. लिहायचं कधी नाही. तू बोर्ड लिहायच्या आधी दोरीला खडू चोळून रेघ मारायचास, अक्षरं मोजायचास, मग ब्रश उचलायचास. शेकडो वेळा पाहिलंय मी ते, शेजारी बसून, चहा पीत. पाहिलंय. शिकलो नाही. र चांगला आला. इतका चांगला आला की मी माझ्यावरच खूश झालो आणि शि दुप्पट मोठा काढला. त्याची वेलांटी झाकणाच्या फटीत गेली. य ला जागा कमी पडली म्हणून तो अंग चोरून उभा. न बॉनेटच्या वळणावर पोचला आणि तिथून ओघळत खाली दिव्याकडे निघाला. पुसायला गेलो तर टर्पेंटाइनने खालचा लाल सुटला आणि न गुलाबी झाला. घाम आला. गुडघा धरला. मी ट्रॅक्टरवर डोकं टेकून उभा राहिलो, आणि भास्कर, तुला एक सांगतो, ते कुणाला सांगू नकोस. मी म्हणालो, "अरे, ये की जरा."

बाहेर रिक्षा थांबली. मंगल उतरली आणि तिच्यामागून शोभाताई. मंगलने मुद्दामच आणलं होतं त्यांना, मला शरम वाटावी म्हणून. मी ब्रश पाठीमागे लपवला, जणू त्याने अक्षरं दिसेनाशी होणार होती.

ताई आत आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. ट्रॅक्टरभोवती सावकाश फिरल्या, सासऱ्यांनी हिरवा मारलेला एक कोपरा राहिला होता त्यावर हात ठेवला, आणि मग बॉनेटसमोर येऊन थांबल्या. वाचलं. पुन्हा वाचलं. मंगलने माझ्याकडे असं पाहिलं की मला राजूच्या झेंड्याखाली लपावंसं वाटलं.

मी म्हटलं, "ताई, मला... साईंकडे गेलो होतो मी. तो म्हणाला—"

"रशियन आहे. माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"साईंकडून आले त्या दिवशी घरी हसत हसत लोळत होते. जेवण सुद्धा नीट गेलं नाही. मला म्हणाले, दिलीपला बोलशील तर बघ."

"मग तुम्ही सगळ्यांना सांगताय की त्यांनी ट्रॅक्टर ओळखला—"

"मग? नाही ओळखला?" ताई म्हणाल्या. "झेक म्हणून सांगितलं का मी कुणाला? साईंकडे तुमच्याआधी कोण गेलं होतं?"

भास्कर, इतक्या मेहनतीने तुला पाडायला आलो, आणि तू ताईंच्या तोंडून पुन्हा जिंकलास, तेही माझ्याच उत्तराने.

"पुसून टाकतो," मी म्हणालो.

"कशाला? खरं आहे ते. राहू द्या." त्या एक पाऊल मागे सरल्या, पेंटरच्या बायकोला सवय असते तशी, लांबून पाहायची. डोळे बारीक केले. दिव्यापर्यंत ओघळलेल्या न कडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. त्या आता रडतील असं वाटून मी पुढे झालो.

"दिलीपराव," त्या म्हणाल्या, "हे मेलं असलं अक्षर घेऊन ट्रॅक्टर रस्त्यावर निघाला ना, तर आमच्या घरातला पेंटर मेला, हे कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही."